ऑर्विन सॉल्बर्गचा पाच गॅलनचा कायदा

आमच्या लोन कुली गावात वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला, शिव्या देण्याची जागा ठरलेली आहे: पोस्टाच्या पायऱ्या. सकाळी साडेदहाला टपाल येतं. गव्हाचा सरकारी चेक आला की नाही हे बघायला जमलेली मंडळी, तो हातात पडेपर्यंत वॉशिंग्टनचा यथेच्छ उद्धार करतात. चेक मिळाला की तो घडी घालून खिशात ठेवतात आणि उरलेल्या शिव्या द्यायला कॅफेत जाऊन बसतात. पोस्ट वॉशिंग्टनचं, पायऱ्या वॉशिंग्टनच्या, आणि कुणी घसरून पडू नये म्हणून बर्फावर टाकलेलं मीठसुद्धा वॉशिंग्टनचंच. याचं कुणाला कधी काही वाटलेलं नाही.

आम्हा मोंटानाच्या लोकांना वॉशिंग्टनचा कायदा मोडायला आवडत नाही. वाकुल्या दाखवत पाळायला आवडतो. मागे वॉशिंग्टनने ठरवलं की गाडी ताशी पंचावन्न मैलांच्या वर न्यायची नाही. आम्ही म्हटलं बरं, आणि वर नेणाऱ्याला फक्त पाच डॉलर दंड लावला. मग वीस वर्षं सगळी काउंटी पाचच्या नोटा जवळ ठेवून नव्वदच्या वेगाने गाड्या हाकत होती. पोलीस थांबवायचा, नोट घ्यायचा, पावती फाडायचा, गव्हाचं कसं काय विचारायचा आणि सोडून द्यायचा. अशा मातीत ऑर्विन सॉल्बर्ग वाढला, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही. तो स्वतः मात्र मारून घेतो.

ऑर्विन प्लंबर. पन्नास मैलांच्या टापूत एकुलता एक, त्यामुळे सर्वोत्तमही तोच आणि सर्वांत वाईटही तोच. अंगाने आडवा, गुडघे गेलेले, डोक्यावर बारा महिने टोपी. "देवाने डोकं दिलंय ते टोपीला आधार म्हणून," असं तो स्वतःच सांगायचा. कुणाकडे काम करून निघताना "आता तुंबणार नाही. तुंबलंच तर मी जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस, त्याला माझं काम दिसेल," ही त्याची हमी. लोक हसायचे. तोही हसायचा. पुढे याच हमीने त्याला खाल्लं.

सुरुवात झाली पंच्याण्णव सालच्या शरदात. आमच्या लुथरन चर्चच्या वरच्या मजल्यावर दोन कमोड होते, जुने, पाच गॅलनच्या टाकीचे. साखळी ओढली की भरलेली बादली ओतल्यासारखं पाणी यायचं, आणि खाली तळघरात जेवणाऱ्याला कळायचं की वर कुणाचं तरी काम झालं. त्यातला एक तडकला. नवे घ्यायला गेल्यावर कळलं की पाच गॅलनचे कमोड आता बनतच नाहीत. वॉशिंग्टनने पाणी वाचवायचा कायदा केलाय, यापुढे दीड गॅलनचेच. ऑर्विनने चरफडत तेच दोन आणून बसवले.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चचं लुटफिस्कचं जेवण असतं. क्षारात भिजवून थुलथुलीत केलेला हा मासा वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा, सोबत लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. आमच्या आज्या-पणज्या नॉर्वेतून गरिबीपायी निघाल्या तेव्हा त्यांना वाटलं असेल, निदान हा मासा तरी सुटला. तोही बोटीत बसून आला. गाव चारशेचं, पण त्या दिवशी जेवायला सहाशे माणसं येतात, शंभर मैलांवरून. आणि त्या स्वयंपाकघराची मुख्य एकोणीस वर्षं एकच बाई होती: नेव्हा सॉल्बर्ग, ऑर्विनची बायको.

नेव्हा काटकुळी, कमी बोलणारी. मासा पाण्यातून कोणत्या क्षणी काढायचा हे तिला घड्याळाशिवाय कळायचं. सहाशे ताटं जायची आणि तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती प्लंबरची बायको असायची. त्या एका दिवशी मात्र ऑर्विन नेव्हाचा नवरा असायचा, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

त्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी वरचे दोन्ही कमोड तुंबून वाहिले. तळघराच्या छताच्या पांढऱ्या फळ्यांवर आधी पिवळा डाग पडला, मग फुगवटा आला. पहिला थेंब पडला तो आर्डिस मोएनच्या लिंबाच्या केकवर. बाकीचं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी लुटफिस्कचा वास कुणाला आला नाही.

सोमवारी चर्चच्या पंचांची बैठक बसली. ऑर्विनने पाइपात तार घालून बोळा बाहेर काढला होता. जाड, निळसर टॉयलेट-कागदाचा. हा कागद नेव्हाने आणला होता. एक मोटेल बंद पडलं, तिथून खोकीच्या खोकी अर्ध्या किमतीत, चर्चचे पैसे वाचावेत म्हणून.

"असल्या कागदाने मी घोडासुद्धा पुसणार नाही," आर्डिस म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे अजून केक होता.

पास्टर लिंडव्हॉल भले गृहस्थ. ते म्हणाले, "ऑर्विन, तू यातला जाणकार. कारण काय असेल?"

"कमोड. वॉशिंग्टनचे. दीड गॅलनमध्ये मांजरीचं पिल्लूही भिजत नाही, पास्टर."

"एवढंच?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. टेबलावर तो बोळा पडला होता. ऑर्विनने टोपी पुढे ओढली. "आणि कागदही जरा जाडच होता म्हणा."

नेव्हा समोरच बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराची किल्ली पास्टरांच्या टेबलावर ठेवली, आणि त्या रविवारपासून ती उपासना झाली की जिन्याने तळघरात न उतरता सरळ दाराबाहेर पडायला लागली. कॉफी न घेता. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण आमच्यात बायबल न वाचणारा लुथरन चालतो, देवाबद्दल शंका असलेलाही चालतो, उपासनेनंतर तळघरातली कॉफी न घेणारा मात्र कुणी पाहिलेला नाही. किल्ली आर्डिसकडे गेली.

ऑर्विनच्या घशात ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. घरी नेव्हा पूर्वीसारखीच वागायची, जेवण वाढायची, हवेबद्दल बोलायची, फक्त हसायची नाही. चुकलं माझं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण नॉर्वेजियन नवऱ्याला हे दोन शब्द उच्चारायला साधारण तीस वर्षं लागतात. मग ऑर्विनने हिशेब मांडला: दोष वॉशिंग्टनचा अधिक कागदाचा. वॉशिंग्टनचा दोष शंभर टक्के सिद्ध झाला, की कागदाचा आपोआप शून्य. म्हणजे माफी मागायला नको, फक्त केंद्र सरकारचा कायदा रद्द करायचा.

मार्चमध्ये त्याने राज्याच्या विधानसभेसाठी अर्ज भरला. पोस्टाच्या पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. विरोधात कुणी उभंच राहिलं नाही. "मी प्लंबर आहे, राजधानीत तुंबलंय ते काढायला जातोय," एवढंच त्याचं भाषण. त्या नोव्हेंबरच्या जेवणाला आर्डिसने खबरदारी म्हणून अंगणात दोन भाड्याचे संडास ठेवले होते. उणे बारा तापमानात रांगेत कुडकुडणारी म्हातारी मंडळी ऑर्विनला म्हणाली, "दाखव त्यांना, बाबा." तीनच दिवसांनी तो निवडून आला. बिनविरोध असूनही दोनशे बारा जणांनी त्याच्या नावासमोरचा रकाना कोरा सोडला होता. आकडा त्याला तोंडपाठ होता, आणि त्यातला एक कोण असेल याचा अंदाजही.

आमची विधानसभा दर दोन वर्षांनी नव्वद दिवस भरते. लोक म्हणतात, लिहिताना गफलत झाली, दर नव्वद वर्षांनी दोन दिवस असं लिहायचं होतं. सत्त्याण्णवच्या जानेवारीत ऑर्विन राजधानीत, हेलेनाला पोहोचला तेव्हा त्याला एक टेबल मिळालं, एक खुर्ची मिळाली आणि संगमरवरी स्वच्छतागृह बघायला मिळालं. तिथले कमोड जुने, पाच गॅलनचे होते. "आपल्यासाठी दीड, यांच्यासाठी पाच!" त्याने फोनवर नेव्हाला सांगितलं.

"मग आवडतं का तिथं?" नेव्हाने विचारलं.

त्याचं विधेयक एका पानाचं होतं. मोंटानाच्या मातीचा, मोंटानात भाजलेला, मोंटानातच विकलेला आणि मोंटानातच बसवलेला कमोड कधी राज्याची सीमा ओलांडत नाही. वॉशिंग्टनला हक्क आहे तो राज्या-राज्यांमधल्या व्यापारावर. म्हणून अशा कमोडला वॉशिंग्टनचा कायदा या राज्यात लागू नाही, सबब तो रद्दबातल समजावा.

राज्याच्या वकिलाने समितीला सांगितलं की हे कोर्टात एक दिवस टिकणार नाही, राज्याला केंद्राचा कायदा असा पुसता येत नाही. सभासदांनी माना डोलावल्या. त्यांना हे आधीपासून माहीत होतं, आणि त्यामुळे कुणाचा उत्साह कमी झाला नाही. मिसूलाच्या एका आमदार बाईंनी विचारलं, "माती मोंटानाची म्हणता. पण कमोडवरचा चकाकता लेप बाहेरून येतो, त्याचं काय?"

"बाई," ऑर्विन म्हणाला, "माती आमची, पाणी आमचं, आणि त्यात आम्ही जे टाकतो तेही पूर्णपणे आमचंच. मध्ये एक पातळ लेप परका असला, तर खपवून घेऊ."

सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. लोक त्याला कमोडवाले आमदार म्हणायला लागले, आणि तो ते कौतुक समजला. पाचव्या आठवड्यात विधेयक बहुमताने पास झालं. आता राज्याच्या वरच्या सभागृहाची, सिनेटची समिती, मग सिनेट. बंदुकांवर, जंगलांवर, वेगावर वॉशिंग्टनशी भांडून दमलेली मोठमोठी माणसं त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "सॉल्बर्ग, सुरुवात कुठून तरी व्हायला हवी." ऑर्विनला वाटायला लागलं की तडकलेला कमोड हा देवाचाच संकेत होता.

अधिवेशनाच्या मध्यात चार दिवसांची सुट्टी असते. तो घरी आला तेव्हा पोस्टाच्या पायऱ्यांवर त्याची वाट बघत होता टाल्मर नेस, गहू पिकवणारा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"पोत्यांखाली झाकून आणलेत," टाल्मर कुजबुजला. कुजबुजला म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"काय?"

"कॅनडाचे कमोड! तिकडे अजून मोठ्या टाकीचे मिळतात. दोन आणलेत. सीमेवरच्या माणसाने विचारलं मागे काय आहे, मी म्हटलं बियाणं."

"विश्वास बसला त्याचा?"

"तो म्हणाला, सुखाने पेरा."

पंचांनी ठरवलं होतं की सिनेटच्या सुनावणीआधी हे कमोड चर्चमध्ये उघडपणे बसवायचे. वॉशिंग्टनला यायचं तर येऊ दे. ऑर्विनची छाती भरून आली. कमोड वजनदार होते, म्हणून बसवण्यापूर्वी खालच्या बिडाच्या पाइपाचे पट्टे आवळून घ्यावेत, असा विचार करून तो शुक्रवारी दुपारी एकटाच तळघरात गेला. शिडी लावली. छताच्या चार फळ्या काढल्या. पट्टे तपासले, ठीक होते. मग केवळ हाताच्या सवयीने त्याने पाइपावर पाणसळ ठेवली.

फुटाला पाव इंच उतार, हे प्लंबरचं पहिलं शिक्षण. उतार असला की पाणसळीतला बुडबुडा चढाच्या बाजूला सरकतो. पाइपाच्या सुरुवातीला तो बरोबर सरकला. पुढे एक जाड तुळई होती, तिथे ऑर्विनने पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा उलट्या बाजूला पळाला. त्याने काचेवर टिचकी मारली. पाणसळ उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा जिथल्या तिथे. तुळईवरून जाण्यासाठी पाइप चक्क दोन बोटं वर उचलला होता. अलीकडे झाला होता खड्डा, आणि त्या खड्ड्यात येणारं सगळं येऊन बसत होतं.

कुणा गाढवाने हे केलं, असं तो मोठ्याने म्हणाला. मग त्याला आठवलं.

एकाहत्तरचा जून. गुरुवार. शनिवारी याच चर्चमध्ये त्याचं लग्न होतं. तुळईला खाच पाडून पाइप सरळ न्यायचा तर अर्ध्या दिवसाचं काम. आणि बाहेर नेव्हा तिच्या वडिलांच्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होती, अंगठ्या आणायला जायचं होतं. पंचविशीतल्या ऑर्विनने पाइप दोन बोटं उचलला, पट्टा आवळला, वर बघितलं आणि म्हणाला, "पाच गॅलन आहेत. ढकलतील."

चोवीस वर्षं त्यांनी ढकललं. दर वेळी पाच गॅलन पाणी येऊन त्याची चूक धुऊन न्यायचं. वॉशिंग्टनने फक्त पाणी काढून घेतलं, आणि चूक उघडी पडली.

ऑर्विन शिडीवर बराच वेळ बसून राहिला. त्याला रडू येत होतं, पण शिडीवर रडणं धोक्याचं म्हणून तो आधी उतरला. मग त्याने करण्यासारखी एकच गोष्ट न करता दुसरीच केली: चारही फळ्या जागच्या जागी बसवल्या आणि टाल्मरला सांगितलं की पट्टे गंजलेत, कमोड सुनावणीनंतर बघू.

रात्रीच्या जेवणाला नेव्हाने उकडलेले बटाटे वाढता वाढता म्हटलं, "मीही येते हेलेनाला. सिनेटच्या दिवशी."

"तू? कशाला? केवढं लांब. रस्त्यावर बर्फ."

"तूच म्हणाला होतास ना, त्या दिवशी सगळा दोष वॉशिंग्टनच्या नावावर लिहिला जाईल." तिने मीठ त्याच्याकडे सरकवलं. "लिहिताना बघावं म्हणते."

ऑर्विनने बटाट्यावर मीठ टाकलं, मग पुन्हा टाकलं.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चची बस भरून गाव हेलेनात उतरलं. समितीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्षस्थानी सिनेटर मर्ना किडवेल होत्या, सत्तरीच्या, गुरं पाळणाऱ्या, बोलण्यात काटकसरी. आमच्याकडे रीत अशी की विधेयक मांडणाऱ्याने सुरुवात करायची, मग बाजूच्यांनी बोलायचं, मग विरोधकांनी, आणि शेवटचं बोलणं पुन्हा मांडणाऱ्याचं. ऑर्विनने सुरुवात केली ती पाठ केलेली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

मग आर्डिस उभी राहिली. ठेवणीतला कोट घालून आली होती. तिने तो शनिवार मिनिटामिनिटाने सांगितला. केकपाशी तिने रुमाल काढला. "वॉशिंग्टनने आमच्या पंगतीवर काय आणून ओतलं ते मी या सभ्य खोलीत बोलू शकत नाही," ती म्हणाली. "आता कागद तर जाड होताच. ते नेव्हालाही माहीत आहे, आणि आम्ही तिला कधीचं माफ केलंय. पण—"

ऑर्विनने मागे बघितलं. शेवटच्या रांगेत नेव्हा बसली होती. तिने हातातला हातमोजा उगाचच उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मान खाली. केलेल्या गुन्ह्याची माफी मिळालेला माणूस निदान सुटतो तरी. न केलेल्या गुन्ह्याची माफी तिला दर रविवारी मिळत होती, आणि तिच्या वतीने बोलायला या राज्यात एकही आमदार नव्हता.

"श्री. सॉल्बर्ग, शेवटचं बोला," किडवेलबाई म्हणाल्या.

ऑर्विन उठला. टोपी काढली. गावातल्या कित्येकांनी त्याचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं.

"अध्यक्षबाई, मी गेल्या पंधरवड्यात चर्चचं छत उघडलं. पाइप तुळईवरून दोन बोटं वर गेलाय. उताराच्या उलट. कमोड पाच गॅलनचा असो की दीड गॅलनचा, तिथे आज ना उद्या तुंबणारच होतं."

"तो पाइप कुणी बसवला?" एका सिनेटरने विचारलं.

"पन्नास मैलांत एकच प्लंबर आहे, साहेब."

खोलीत हशा उठला. ऑर्विन थांबला नाही.

"मी बसवला. एकाहत्तर साली. घाई होती, परवावर लग्न होतं. वॉशिंग्टनचा यात काही संबंध नाही. त्यांनी माझी चूक झाकणारं पाणी बंद केलं, एवढंच. आणि कागदाचाही संबंध नाही. कागद चांगला होता. मी पंचांसमोर तो जाड होता म्हणालो, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला भीती वाटली. माझी बायको मागे बसलीय. एकोणीस वर्षं तिने सहाशे माणसांना जेवू घातलं. मी सोळा महिने तिला दोषी ठरू दिलं. नेव्हा, चुकलं माझं."

आता कुणी हसत नव्हतं. किडवेलबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग तुमच्या विधेयकाचं काय करायचं म्हणता?"

"बाजूला ठेवा, बाई." आमच्याकडे बाजूला ठेवणं म्हणजे पुरणं. "वॉशिंग्टनशी भांडायला दुसरी बरीच कारणं आहेत. ती सरळ पाइपवाल्या माणसाने घेऊन यावीत."

सगळ्यांनी हात वर करून ते पुरलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर तोच होता. केंद्र सरकारचा कायदा रद्द करायला निघालेल्या आमदाराने स्वतःचाच पाइप रद्द केला, अशा अर्थाचं काहीतरी. पोस्टाच्या पायऱ्यांवर एक आठवडा वॉशिंग्टनला सुट्टी मिळाली, ऑर्विनवर भागलं.

पण तो निवाडा नव्हताच. निवाडा परतीच्या रस्त्यावर होता. नेव्हा बसमध्ये न चढता त्याच्या गाडीत येऊन बसली. शंभर मैल ती खिडकीबाहेर बघत होती.

"हॉर्न मी वाजवत होते," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे फिरून दोष माझाच?"

"नाही! अगं, नाही नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला—"

"घाबरू नकोस, गाडी रस्त्यावर ठेव." तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "सोळा महिने, ऑर्विन. साधं चुकलं म्हणायचं सोडून तू निवडणूक लढवलीस?"

"ती सोपी वाटली," तो म्हणाला.

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. ऑर्विनने घाबरून बघितलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, आणि हसता हसता तिने त्याच्या दंडावर जोरात एक गुद्दा मारला, सोळा महिन्यांचा. तो तीन दिवस निळा होता.

एप्रिलमध्ये अधिवेशन संपलं. ऑर्विनने सगळं छत उतरवलं, तुळईला खाच पाडली, पाइप सरळ केला. फुटाला पाव इंच. काम अर्ध्या दिवसाचंच होतं. वॉशिंग्टनचे कमोड तिथेच राहिले. कॅनडाचे दोन टाल्मरच्या अंगणात आहेत, त्यांत त्याची बायको फुलं लावते. पास्टरांनी किल्ली परत दिली तेव्हा नेव्हाने ती घेतली, पण कॉफीचं विचारल्यावर म्हणाली, "नोव्हेंबरात बघू."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी नेव्हाने गॅरेजमधून उरलेली तीन खोकी काढली. तोच जाड, निळसर कागद. तो तिने स्वतः वर दोन्हीकडे लावला. एका वेळची पंगत भरली, एकशेवीस माणसं तळघरात बसली, मासा वाढला गेला. सहा वाजून वीस मिनिटांनी तिने अॅप्रनला हात पुसले आणि जिना चढली. तिच्या हातात कागदाची पूर्ण गुंडाळी होती.

सगळ्यांना कळलं. काटे-चमचे थांबले. ऑर्विन टोपी हातात धरून भिंतीला टेकून उभा होता. आर्डिस एकाएकी उठली, आपला लिंबाचा केक उचलला, मिठाईच्या टेबलापाशी गेली आणि तुळईच्या बरोबर खाली, दोन वर्षांपूर्वी होता त्याच जागी, ठेवला. हात बांधून शेजारी उभी राहिली.

वर खटका दाबला गेला.

एकशेवीस माणसं माना वर करून छताकडे बघत होती. पाणी आलं. डोक्यावरून सरकताना ऐकू येत होतं, जड, सावकाश. तुळईपाशी पोहोचलं. आणि थांबलं नाही, उतरत गेलं, कोपऱ्यात भिंतीतून खाली गेलं आणि लांब कुठेतरी नाहीसं झालं.

मग सगळ्यांनी केककडे बघितलं. केक कोरडा होता.

नेव्हा खाली आली. पंगत तिच्याकडे बघतेय हे तिला दिसलं. "बसलात काय? मासा गार होतोय," ती म्हणाली. आर्डिसने केक कापला आणि पहिला तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत, बोट चाटून. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली.

"आमदार," ती म्हणाली, "या चर्चमध्ये कुणी मला कॉफी देणार आहे का?"

ऑर्विन गेलेल्या गुडघ्यांनिशी धावला.